खारपाणपट्ट्यातल्या लॅबमध्ये चुंबकी मणी कसे करायचे

मी दर्यापूरकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की पोरं मोबाइलवरून एकेक भारदस्त नाव उतरवून आणतात. आपल्या कपाटातल्या बाटल्यांतून त्यातलं काय निघेल, हे सांगायचं काम माझ्याकडे येतं. 'वैद्यकीय उपयोगासाठी जैवविघटनशील पॉलिमरमधले चुंबकी नॅनोकण' हे असंच एक नाव. म्हणजे अंगात आपोआप तुटून संपणाऱ्या, लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात कोंडलेले अतिसूक्ष्म चुंबकी कण. ऐकून पोरं आधी घाबरतात, पण त्याचा पाया आपल्याकडे होतो. लोहाच्या दोन क्षारांपासून काळे चुंबकी कण करायचे आणि ते अल्जिनेटमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या नि कॅल्शियम लागताच थिजणाऱ्या पदार्थात, कोंडून मणी पाडायचे.

अडचण येते ती हवापाण्याची. नेटवरच्या कृती लिहिणाऱ्यांच्या खोलीत बारा महिने २५ अंश असतात आणि नळाला गोडं पाणी असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या कित्येक गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून ही कृती आपल्या भागाला बसेल अशी लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे मणी पाहायला आणि मोजायला आहेत. गिळायचे नाहीत, जखमेवर लावायचे नाहीत आणि घरच्या कोंबडीला टोचून बघायचे तर मुळीच नाहीत. अंगात जाणारी वस्तू निर्जंतुक लागते. तिच्यात जिवाणूंच्या मेलेल्या कवचांचा अंशही चालत नाही, त्याने ताप भरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगाला समितीची परवानगी लागते. यातलं काहीही आपल्या लॅबमध्ये होत नाही.

हे कशाला करतात

पॉलिमर तर घरोघरी येऊन गेलेला आहे. सिझरनंतर जे टाके काढावे लागत नाहीत, त्यांतले बरेचसे ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांच्या साखळीचे असतात. अंगातलं पाणीच ती साखळी कडी-कडी तोडतं आणि सुटलेली आम्लं शरीर पचवून टाकतं. असा पहिला कृत्रिम धागा १९७० च्या सुमारास बाजारात आला. पुढे याच जातीच्या पॉलिमरचे सूक्ष्म गोळे करून त्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं औषध भरलं, आणि एका इंजेक्शनात महिनाभर झिरपणाऱ्या त्या औषधाला १९८९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. या पॉलिमरचं नाव पीएलजीए. ते महाग असतं, म्हणून आपण सुरुवात अल्जिनेटने करतो.

चुंबकी कणही दवाखान्यात पोचलेले आहेत. कोविडच्या आरटी-पीसीआरमध्ये घशातल्या नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढायला अनेक लॅबमध्ये चुंबकी मणीच वापरले. लोह ऑक्साइडच्या कणांवर साखरेसारख्या रेणूचं आवरण चढवून केलेलं फेरुमोक्सिटॉल हे इंजेक्शन २००९ पासून अमेरिकेत किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर देतात. तीव्र अ‍ॅलर्जीच्या धोक्यामुळे २०१५ मध्ये त्याच्यावर कडक इशारा छापायला लावला. युरोपात २०१० मध्ये मेंदूच्या गाठीत असे कण सोडून, बाहेरून उलटसुलट बदलणाऱ्या चुंबकी क्षेत्राने ती गाठ तापवण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली.

या दोन गोष्टी एकत्र का आणायच्या? पॉलिमर औषध धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. आतल्या चुंबकी कणांमुळे तो गोळा एमआरआयमध्ये दिसतो, बाहेरून तापवता येतो, चुंबकाने एका जागी थोपवता येतो. हे थोपवण्याचं प्रकरण मात्र जाहिरातीइतकं सोपं नाही. जर्मनीत १९९६ मध्ये १४ कॅन्सर रुग्णांवर औषध चिकटवलेले चुंबकी कण वापरून पाहिले, तेव्हा साधारण निम्म्या जणांतच ते गाठीपर्यंत नेता आले. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. कातडीखालची गाठ आणि पोटात खोलवरची गाठ यांत त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत पोरं 'चुंबकाने औषध थेट कॅन्सरपर्यंत नेता येते' असं ठोकून देतात, ते मी खोडायला लावतो.

आणि हो, आठवडी बाजारात रक्तातलं लोह ओढून रोग घालवणारे चुंबकी पट्टे विकतात, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते तसल्या पट्ट्याने जागचं हलत नाही.

पाणी

इथे सगळ्यात जास्त प्रोजेक्ट वाया जातात. डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि ते खरंच डिस्टिल्ड आहे का ते पाहा. परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरट धूसर झालं की त्यात क्लोराइड आहे, ते पाणी बाजूला ठेवा. आरओच्या कॅनचं पाणीही या परीक्षेत नापास होतं. गाडीच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी कधी चालतं, कधी नाही. प्रत्येक बाटली तपासा.

खारं पाणी दोनदा नडतं. एक म्हणजे, हे कण एकमेकांपासून दूर राहतात ते अंगावरच्या विद्युतभारामुळे. पाण्यात मीठ असलं की तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटून जाड होतात आणि तळाला बसतात. नॅनो वगैरे सगळं तिथेच संपतं. दुसरं म्हणजे, अल्जिनेटला कॅल्शियम दिसलं रे दिसलं की ते थिजायला लागतं. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम अल्जिनेट विरघळतानाच त्याचे तंतू करून ठेवतं, मग मणी कसले पाडता!

उन्हाळा

जमत असेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका. त्याचं कारण बाटल्यांमध्येच आहे. फेरिक क्लोराइडचे पिवळे-तपकिरी खडे ३७ अंशांच्या आसपास वितळतात. आपल्याकडे एप्रिलमध्येच कपाटातल्या बाटलीत खड्यांऐवजी काकवीसारखा रस सापडतो. तो तोलता येतो, पण त्यात पाणी किती आणि क्षार किती हे कळत नाही, आणि पुढचं सगळं प्रमाण बिघडतं. बाटली घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

लायकर अमोनियाची, म्हणजे अमोनियाच्या तीव्र द्रावणाची, बाटली तर उन्हाळ्यात शत्रूच समजा. आत वायू साठून दाब धरतो आणि झाकण फिरवलं की तोंडावर फवारा येतो. उघडायच्या आधी बाटली अर्धा तास थंड पाण्याच्या बादलीत ठेवा, डोळ्यांना गॉगल लावा, तोंड दुसरीकडे करा आणि झाकण हळूहळू सैल करा. फ्यूम हूड, म्हणजे वाफा बाहेर ओढणारं कपाट, नसेल तर व्हरांड्यात, वारा पाठीशी घेऊन उभे राहा.

काळे कण

आपले काळे चुंबकी कण म्हणजे मॅग्नेटाइट हे लोह ऑक्साइड. ते साधारण एक ग्रॅम मिळेल असं प्रमाण देतो. फेरिक क्लोराइडचे खडे २.३४ ग्रॅम. फेरस क्षार म्हणून मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) १.९ ग्रॅम. हिशेबाने १.७ पुरतो, पण उघड्या हवेत थोडं फेरस लोह फेरिक होऊन जातं, म्हणून जरा वाढवून घ्या. पोरं विचारतात की संत्र्याच्या झाडाला देतात ते हिराकस का नाही घ्यायचं. तेही फेरस सल्फेटच आहे, पण कृषी केंद्रातल्या पोत्यातल्या खड्यांवर पिवळट-तपकिरी भुकटी बसलेली असते. तेवढं लोह आधीच फेरिक झालेलं असतं. मोहर सॉल्ट हवेत बरंच टिकतं, आणि परमँगनेटच्या टायट्रेशनसाठी ते प्रत्येक कॉलेजात असतंच.

डिस्टिल्ड वॉटर दहा मिनिटं खळखळ उकळून झाकून निववा, म्हणजे त्यातला विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. नायट्रोजनचा सिलिंडर नसणाऱ्यांसाठी हाच मार्ग. अशा ५० मिली पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकून दोन्ही क्षार विरघळवा. आम्ल नसेल तर फेरिक क्लोराइड पाण्यात गढूळ व्हायला लागतं. बीकर वॉटर बाथवर ठेवून ७०-८० अंशांपर्यंत न्या. एकीकडे ढवळत, २५ टक्क्यांचा १५ मिली अमोनिया एका दमात ओता. थेंब-थेंब टाकलात तर आधी तपकिरी चोथा बसतो आणि कण मोठे-लहान होतात.

रंग डोळ्यांदेखत पालटतो. पिवळं-नारिंगी द्रावण क्षणात शाईसारखं काळं होतं. पीएच पेपर बीकरवर धरू नका, अमोनियाच्या वाफेनेच तो निळा होईल. काचेच्या कांडीने थेंब काढून पेपरला लावा, १० च्या आसपास आला पाहिजे. मग अर्धा तास त्याच उष्णतेत ढवळत राहा.

ढवळायला काचेची कांडीच घ्या. लॅबमध्ये मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे बीकरमध्ये चुंबकी बीड फिरवून ढवळणारं यंत्र, असला की पोरांना तोच वापरायचा असतो. "भाऊ, सगळं काळं त्या बीडलेच चिकटून रायलं!" हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. चुंबकी कण करताना चुंबकाने ढवळलं तर दुसरं काय होणार?

आता धुणं. जुन्या बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला चुंबक काढून घ्या. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तो कुणी फुकटही देतं. भोंग्यातला फेराइट चुंबकही चालतो, पण वेळ खातो. चुंबक बीकरच्या बुडाशी धरला की काळं खाली ओढलं जातं आणि वर स्वच्छ पाणी राहतं. ते ओतून टाका, नवं डिस्टिल्ड पाणी घाला, चुंबक काढून ढवळा आणि पुन्हा तेच करा. ओतलेल्या पाण्याचे थोडे थेंब घेऊन त्यात सौम्य नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढरं येणं थांबलं की क्लोराइड गेलं. मोहर सॉल्टमुळे सल्फेटही असतं; ते बेरियम क्लोराइडने तपासा.

चुंबक काढल्यावर गाळ पुन्हा पाण्यात मोकळा होतो का, हे नीट पाहा. कण १०-१५ नॅनोमीटरचे असले तर बाहेरचं क्षेत्र हटताच त्यांचं चुंबकत्व शून्यावर येतं, आठवण राहत नाही. वैद्यकीय कामात याच गुणाला किंमत आहे. चुंबक हटल्यावरही कण एकमेकांना धरून राहिले तर रक्तवाहिनी तुंबेल. गाळ तांबूस-तपकिरी असेल आणि चुंबकाकडे वळतच नसेल तर ते हायड्रॉक्साइड आहे, टाकून द्या. तपकिरी आहे पण ओढला जातो, तर मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट झालं असेल. तेही चुंबकी असतं, त्याने काम अडत नाही.

कण वाळवू नका. वाळवून डबीत भरायची पोरांना हौस असते, पण एकदा वाळले की त्यांच्या ढेपा होतात आणि त्या पुन्हा कधी सुटत नाहीत. पाण्याखालीच ठेवा. किती कण आहेत हे हवं असेल तर नीट हलवून १ मिली गाळ वाटीत काढा, तेवढाच ओव्हनमध्ये वाळवून तोला आणि हिशेब करा.

मणी

सोडियम अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. रसायनांच्या दुकानातून मागवा. दाताच्या डॉक्टरकडे माप घ्यायची जी पावडर असते तिलाही अल्जिनेटच म्हणतात, पण तिच्यात कॅल्शियम सल्फेट मिसळलेलं असतं, पाणी लागताच ती घट्ट होते. आपल्या कामाची नाही.

१०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम अल्जिनेट चिमटी-चिमटीने भुरभुरवत ढवळा. एकदम टाकलं तर पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गाठी होतात, बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळपर्यंत बुडबुडेही निघून जातात. यातलं ५० मिली घ्या, त्यात अर्धा ग्रॅम कण असतील एवढा गाळ, सुमारे १० मिली, मिसळा आणि एकसारखा काळा रंग येईपर्यंत घोटा. दुसऱ्या बीकरमध्ये २ टक्के कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ठेवा.

सिरिंजमध्ये मिश्रण भरून साधारण वीतभर उंचीवरून थेंब-थेंब सोडा. थेंब पाण्याला टेकताच त्याच्यावर कातडं धरतं आणि काळा गोल मणी खाली जातो. मण्याला शेपूट येत असेल तर उंची थोडी वाढवा. चपटे होत असतील तर कमी करा, किंवा मिश्रण पातळ आहे असं समजा. बारीक निडल लावली तर दोन-अडीच मिलिमीटरचे मणी येतात. निडल नंतर उघडी टाकू नका. अर्धा तास मणी त्याच द्रावणात मुरू द्या. सोडियमच्या जागी कॅल्शियम जाऊन साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, ती क्रिया बाहेरून आत सरकत जाते आणि तिला वेळ लागतो. मग डिस्टिल्ड पाण्याने विसळा. त्याच वेळी काही मणी कणांशिवायही करून ठेवा, तुलनेला लागतात.

तपासायचं काय

चुंबक काचेबाहेरून फिरवला की मणी मागे-मागे येतात. पाहुणे, प्राचार्य, सगळे एवढंच पाहून खूश होतात. पण गुण मिळतात ते पुढच्या तपासणीला.

काही मणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा, काही ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे सलाइनइतक्या खारट, आणि काही ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात. आम्लात मणी आकसून घट्ट राहतात. फार वेळ ठेवू नका, आम्ल आतले कणही खायला लागतं. मिठाच्या पाण्यात ते फुगून मऊ पडतात, कारण सोडियम परत येऊन कॅल्शियमला हुसकावतं. बफरमध्ये तर हळूहळू विस्कटतात. पोटातून टिकून आतड्यात सुटणारं औषध याच तत्त्वावर बेततात. दर तासाला चाळणीवर काढून, टिपकागदाने टिपून वजन घ्या, त्याचा आलेख चांगला निघतो.

मग २ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये काही मणी टाका. सायट्रेट कॅल्शियम काढून घेतं, मणी विरघळतो आणि मोकळे झालेले काळे कण चुंबकाला जाऊन चिकटतात. हे दाखवताना एक प्रामाणिकपणा पाळा. अल्जिनेट असं सुटतं, पण त्याची साखळी तोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाही. साखळी आखूड असेल तरच ती किडनीवाटे बाहेर जाते. पीएलजीएसारखं ते पाण्याने तुटून संपत नाही. अहवालात 'जैवविघटनशील' लिहिलंत की परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतो.

लोह गळतं का, हेही पाहाच. मणी ज्या पाण्यात होते त्यातलं थोडं पाणी घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब टाका. निळं झालं तर लोह बाहेर आलं आहे. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची नळी ठेवा, कारण फेरोसायनाइड आम्लात काही वेळाने आपोआपही निळसर होतं. पॅथॉलॉजीत यकृताच्या किंवा अस्थिमज्जेच्या तुकड्यातलं लोह याच निळ्या रंगाने शोधतात. माक्स पर्ल्स यांनी ती रीत १८६७ मध्ये मांडली. लोहाचे कण शरीरात गेले तर यकृत-प्लीहेतल्या पेशी ते गिळतात आणि त्यातलं लोह शरीराच्या साठ्यात जमा होतं, तिथेही हाच रंग उठतो.

पीएलजीए करायचं असेल तर

एम.एस्सी.ला अमरावती-नागपूरला गेलात आणि तिथे फ्यूम हूड व प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रावण फेटणारं यंत्र) असेल तरच. उघडे कण तेलकट द्रावकात टिकत नाहीत, म्हणून आधी गरम गाळात ओलेइक आम्ल घालून त्यांच्यावर तेलकट लेप चढवतात. मग पीएलजीए आणि कण डायक्लोरोमिथेन या द्रावकात घेऊन ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात सोनिकेटरने फेटतात. द्रावक उडून गेला की पॉलिमरचे सूक्ष्म गोळे उरतात. इथेही आपला उन्हाळा आडवा येतो. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळतं, म्हणजे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ते बाटलीतच उकळायला आलेलं असतं. पीएलजीएदेखील ४५-५० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या कुरिअरच्या गाडीतून आलेल्या पुडीत भुकटीऐवजी गठ्ठा निघतो. ओलाव्यानेही त्याची साखळी तुटत राहते. म्हणून ते हिवाळ्यातच मागवा, आल्याबरोबर डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

आवरताना

अमोनियाचं धुवण सौम्य आम्लाने पीएच ७ च्या जवळ आणून मगच मोरीत सोडा, आणि त्या मोरीत त्याच दिवशी ब्लिचिंग पावडर टाकू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. उरलेला काळा गाळ चुंबकाने गोळा करून बाटलीत भरा. मणी ठेवायचे असतील तर पातळ कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, फ्रीजमध्ये.  बाटलीवर तारीख, अल्जिनेटचा लॉट आणि कोणतं पाणी वापरलं ते लिहा. पुढच्या वर्षीची पोरं तीच बाटली घेऊन माझ्याकडे येतात.